साहेब, वाघ तिकडं आहे

जर्मनीतल्या लाइपझिगच्या प्राणीसंग्रहालयात गणेश मंदिर आहे. चेष्टा करत नाही. तिथल्या हत्तींच्या घराचं नावच 'गणेशा मंदिर' आहे, २००६ साली उघडलेलं. कामानिमित्त मी त्या गावात राहायला गेलो २०१५च्या ऑगस्टमध्ये. सप्टेंबरात गणपती आले, म्हणजे पुण्यात आले. माझ्या एका खोलीच्या घरात ना मूर्ती, ना ताम्हन, ना उकडीला तांदळाची पिठी. चतुर्थीनंतरच्या रविवारी ट्राम धरली आणि त्या मंदिरात जाऊन थडकलो. आरती अर्थातच नव्हती. होता तो एक भला मोठा हौद, त्याला एका बाजूनं जाड काच आणि काचेपलीकडे पाण्यात उतरलेली हत्तीण. काठावरून पाहिलं तर पोहणाऱ्या हत्तीचं नुसतं डोकं आणि सोंड दिसते. इथे मी तिच्या पोटाच्या पातळीवर उभा होतो. ते चार खांब सायकल मारल्यासारखे सावकाश हलत होते, कातडीच्या वळ्यांतून बुडबुडे सुटत होते, आणि एवढ्या देहाला जसं काही वजनच उरलं नव्हतं. हात जोडले की नाही ते आठवत नाही. बाहेर पडताना वार्षिक पास मात्र काढला.

पास असला की पैसे वसूल करायची घाई नसते. शनिवारी सकाळी जायचं, एकाच प्राण्यापाशी तासभर टेकायचं, डबा खायचा आणि घरी यायचं. तिथूनच लागण झाली. बरोबरीचे मित्र किल्ले करतात तसे मी झू करायला लागलो. बर्लिन झालं, व्हिएन्ना झालं, हॅम्बुर्ग, प्राग, झुरिक, हॉलंडमधलं आर्नहेम. प्रागला सीलायनच्या, म्हणजे समुद्रसिंहाच्या, तळ्यापाशी एक चेक गृहस्थ भेटले, रेल्वेत नोकरीला होते. २००२च्या ऑगस्टमध्ये व्लताव्हा नदीला महापूर आला तेव्हा गास्तोन नावाचा सीलायन इथून वाहून गेला, नदीतून पोहत पोहत थेट जर्मनीत पोहोचला, सापडला आणि परत आणताना मेला, ही गोष्ट त्यांनी मला अर्धी इंग्रजीत आणि अर्धी हातवाऱ्यांत सांगितली. डोळे पाणावले होते त्यांचे. अशा माणसाशी मैत्री न होऊन कसं चालेल?

२०१९ला मी पुण्यात परत आलो. काही वर्षांनी एका डिसेंबरात या रेल्वेवाल्या काकांचा निरोप आला: आमची हिवाळी स्पर्धा सुरू होतेय, मतदार कमी पडतायत, येतोस का?

स्पर्धा म्हणजे काय, तर जगभरचे झूवेडे ऑनलाइन जमून जगातल्या झूंचे सामने लावतात आणि मतं देऊन कोण सरस ते ठरवतात. थंडीत युरोपातल्या झूंत फिरायला मजा नसते, मग घरी बसून भांडायचं. बत्तीस झू, चार-चारचे गट, त्यानंतर बाद फेरी. इथवर वर्ल्ड कपसारखंच. गंमत पुढे आहे. 'अमुक झू चांगलं की तमुक' असा मोघम प्रश्न कधीच नसतो. प्रत्येक सामन्याला चिठ्ठी टाकून विषय निघतो: सरपटणारे प्राणी, डोंगरातले प्राणी, निशाचर, मोठी मांजरं, खुरांचे प्राणी. त्या विषयापुरतंच दोन झूंकडे बघायचं. प्रत्येक मतदाराकडे पाच गुण. ते दोघांत वाटायचे. तीन-दोन, चार-एक, अगदीच एकतर्फी असेल तर पाच-शून्य. कारण लिहिल्याशिवाय मत धरत नाहीत. मुदत तीन दिवसांची, तोवर मत बदलता येतं. जागा स्वतः पाहिलेली असावी, नाहीतर नकाशे, प्राण्यांच्या याद्या, लोकांचे फोटो असा अभ्यास केलेला असावा. आणि सगळ्यात महत्त्वाचं कलम: आज साध्या तिकिटावर पाहुण्याला जे दिसतं तेवढंच मोजायचं.

एक तिकीट, एक झू, हाही नियम. म्हणून बर्लिनचे दोन संघ. पश्चिमेकडचं झू १८४४चं. शहराची फाळणी झाल्यावर पूर्वेकडच्यांना आपलं स्वतःचं हवं म्हणून १९५५ साली फ्रीड्रिक्सफेल्डच्या जुन्या राजवाड्याच्या बागेत टिअरपार्क निघालं. भिंत पडली, देश एक झाला, झू मात्र दोनच राहिली. सिंगापूरचंही तसंच. दिवसाचं झू १९७३चं आणि १९९४ला सुरू झालेली नाइट सफारी एकमेकांना लागून आहेत, पण तिकिटं वेगळी, म्हणून संघ वेगळे.

माझा पहिलाच सामना लाइपझिग विरुद्ध सिंगापूर. विषय, बिनशेपटीची मोठी माकडं. म्हणजे गोरिला, चिंपांझी, बोनोबो, ओरांगउटान.

मला वाटलं, हे तर घरचं मैदान. लाइपझिगचं पोंगोलँड २००१ साली माक्स प्लांक संस्थेच्या बरोबरीनं उभं राहिलं. या चारही जाती तिथे आहेत आणि शास्त्रज्ञ तिथेच बसून त्यांच्या अकलेचा अभ्यास करतात. पाच-शून्य देऊन टाकलं. कारण म्हणून दोन ओळी लिहिल्या, त्यातली एक 'अप्रतिम' या शब्दावर संपत होती. तासाभरात अमेरिकेतल्या ओमाहाच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी विचारलं, "सिंगापूर कधी पाहिलंय का?"

पाहिलं होतं की! २०१२ साली आईबाबांना घेऊन टूर कंपनीबरोबर गेलो होतो. झूला दिले होते अडीच तास, त्यातला पाऊण तास आमच्यातल्या एका काकूंची पर्स शोधण्यात गेला. तरी पुरावा असावा म्हणून जुनी हार्ड डिस्क काढली.

आणि तिथे माझी दांडी गुल झाली. सिंगापूरचे दोनशे फोटो, लाइपझिगचे कित्येक हजार, आणि सगळे कसे तर चेहरे. ओरांगउटानचा चेहरा, गोरिलाचा चेहरा, वाघाचा डोळा. पार्श्वभूमी धूसर. गज कुठेही नाहीत. जाळी कुठेही नाही. काचेवरचा उजेड मी खुबीनं टाळलेला. जिथे एखादा पाइप किंवा मोरीची जाळी आली होती तिथे नंतर संगणकावर कापून टाकलेली. पन्नासेक वेळा जाऊन मला माकड कसं दिसतं हे माहीत होतं. ते कशात राहतं हे दाखवणारा एक फोटो नव्हता. पोंगोलँडमध्ये जमीन कशी आहे? चढायला किती उंचावर जागा आहे? गोरिलाला आमच्यापासून तोंड लपवायचं असेल तर त्यानं कुठे जावं? मी तिथे चार वर्षं डबा खाल्ला होता, आणि काही म्हणता काही आठवेना.

एक फोटो सापडला. सिंगापूरचा, आणि तोही बाबांचा. मान मागे टाकून ते वर बोट दाखवतायत. त्यांचा फोटो घ्यायचा होता म्हणून कॅमेरा मागे नेलेला, त्यामुळे सगळं आपोआप चौकटीत आलं. वर खरीखुरी मोठी झाडं, एका झाडावरून दुसऱ्याकडे गेलेले दोर, दोराला लोंबकळणारं तांबडं ओरांगउटान आणि त्याच्या बरोबर खाली, मधे काहीही नसताना, आमचे बाबा पांढऱ्या टोपीत. तो एक फोटो मी दहा मिनिटं मोठा करकरून पाहिला. मग मत बदललं. लाइपझिग तीन, सिंगापूर दोन. कारण लिहायला मला पाऊण तास लागला.

ओमाहाच्या बाईंनी शाबासकीचा, वर केलेला अंगठा पाठवला.

गज कापून टाकायची सवय माझी एकट्याची नाही, हे त्या रात्री सुचलं. हॅम्बुर्गच्या कार्ल हागेनबेकनं याचं पेटंटच घेतलं होतं, १८९६ साली. गजांऐवजी खंदक खणायचा आणि तो पाहुण्याच्या नजरेखाली लपवायचा, म्हणजे सिंह मोकळा असल्यासारखा वाटतो आणि त्याच्या मागच्या खडकांवर बकऱ्या चरताना दिसतात. १९०७ साली हॅम्बुर्गजवळ श्टेलिंगनला त्यानं असं अख्खं झू उघडलं, आणि आज जगातलं बहुतेक प्रत्येक झू त्याचंच लेकरू आहे. प्राण्याच्या दृष्टीनं खंदक म्हणजे भिंतच. सोय झाली ती बघणाऱ्याची. याच हागेनबेकनं दूरदेशची माणसंही आणून कुंपणाआड 'दाखवली' होती. हे सांगितल्याशिवाय त्याचं कौतुक करू नये, असं माझं मत आहे.

दुसऱ्या फेरीपर्यंत मी शहाणा झालो होतो. एक वही केली. सामन्याच्या आदल्या रात्री तीत रकाने आखायचो: जमीन, सावली, पाणी, उंची, लपायला जागा, सोबत कोण. मत बंद व्हायची वेळ आपल्याकडे पहाटे साडेपाच, म्हणजे दूधवाला यायच्या सुमाराला. आईनं दोनदा विचारलं, ऑफिसचं एवढं काय काम असतं रे? मी खरं सांगितलं. ती म्हणाली, "सिंगापूरला दे. तिथलं जेवण बरं होतं."

ताईची प्रतिक्रिया मात्र झोंबली. रविवारी जेवायला आली होती. वहीत डोकावून म्हणाली, "म्हणजे तुरुंगांची स्पर्धा. कुठल्या जेलची कोठडी छान." मी कॅलिफोर्नियाच्या कोंडोर गिधाडांचं सांगितलं. १९८७ साली रानातलं शेवटचं गिधाड पकडून आणलं तेव्हा जगात उरली होती २७, ती सॅन डिएगो आणि लॉस एंजेलिसच्या झूंत वाढवली, म्हणून आज ती पुन्हा आकाशात आहेत. ती म्हणाली, "छान. मग जिराफ कशाला?" त्यावर उत्तर देता येतं, पण कढी गार होत होती. खरं सांगायचं तर उत्तर तेवढं पक्कं नव्हतंही.

सगळ्यात जिव्हारी लागलेला सामना दार्जिलिंगचा.

प्रत्येक मतदाराला एक झू सुचवता येतं. माझ्याकडून मी दार्जिलिंगचं पद्मजा नायडू हिमालयन झूऑलॉजिकल पार्क सुचवलं होतं. १९५८ साली सुरू झालेलं, सुमारे सात हजार फुटांवरचं, हिमालयातल्या प्राण्यांना वाहिलेलं. म्हैसूरच्या झूचा विचार आधी केला होता, १८९२चं, देखणं, पण तसली देखणी झू जगात पुष्कळ आहेत. दार्जिलिंगसारखं दार्जिलिंगच. चिठ्ठीत विषय निघाला डोंगरातले प्राणी. मी खुर्चीतून उठून टाळी वाजवली. मग समोर कोण ते पाहिलं: झुरिक.

झुरिकचं झू स्वतःच टेकडीवर आहे. तिथे इथियोपियाच्या सिमियन पर्वतातली गेलाडा माकडं आहेत, छातीवर लाल डाग असलेली, कळपानं गवत उपटून खाणारी. त्यांच्याच कड्यांवर आयबेक्स बकरे हिंडतात. दक्षिण अमेरिकेचं चष्मेवालं अस्वल आहे, आणि हिमबिबट्याही आहे. तीन खंडांचे डोंगर एका तिकिटात. खडक कृत्रिम आहेत, पण ते सांगावं लागतं.

आणि आमच्याकडे? कुणीतरी दार्जिलिंगचे फोटो लावले. जाळी, सिमेंटचा कट्टा, निळा रंग दिलेलं लोखंडी दार. मला एकदम पुण्यातलं पेशवे पार्क आठवलं. लहानपणी तिथल्या फुलराणी नावाच्या छोट्या आगगाडीत बसून झालं की आम्ही वाघाच्या पिंजऱ्यापुढे उभे राहायचो, असंच दार, असाच कट्टा, आणि तो विशिष्ट वास. ते प्राणी पुढे कात्रजच्या झूत गेले. फोटो पाहून मतं धडाधड पडायला लागली, चार-एक, चार-एक, एक पाच-शून्य.

मी लिहायला बसलो. लिहिलं, की मे महिन्यात गेलो होतो आणि धुकं एवढं होतं की हिमबिबट्याच्या जाळीपुढे उभं राहून जाळीसुद्धा दिसेना. तिथला रखवालदार म्हणाला, थांबा, येईल. वीस मिनिटांनी धुक्यातून आधी शेपूट आली, हातभर जाडजूड, आणि मग त्या शेपटीचा मालक. त्याला त्या धुक्याचं काहीच नव्हतं. ते त्याच्या घरचंच होतं. लिहिलं, की रेड पांडा तिथे ज्या झाडांवर झोपतो त्या जातीची झाडं कुंपणाबाहेरही आहेत, आणि तिथे वाढवलेल्या दोन माद्या २००३ साली सिंगालिलाच्या जंगलात सोडल्या होत्या. हिमबिबट्याचं प्रजनन तिथे १९८३पासून चालू आहे. त्याच आवारात गिर्यारोहण संस्था आहे, तेनसिंगची समाधी आहे. डोंगरातला प्राणी आणि डोंगरातला माणूस एकाच फेरीत भेटतात, असं जगात आणखी कुठे आहे?

उत्तर आलं ते सभ्य होतं, म्हणून जास्त लागलं. झुरिकच्या बाजूनं मत दिलेल्या एका स्विस मुलीनं लिहिलं: धुकं झूचं नाही. जंगलात सोडलेल्या माद्या आज पाहुण्याला दिसत नाहीत. प्रजनन केंद्रात पाहुण्याला प्रवेश नाही. तुमचंच कलम वाचा. त्या हिमबिबट्याला चढायला उंची किती आहे, तेवढं सांगा.

उंची. माझ्या वहीतला चौथा रकाना. मी तो रिकामा ठेवला होता, कारण मला माहीत होतं तिथे काय लिहावं लागेल. झुरिकच्या बिबट्याला बरंच वर चढता येत होतं. हवा खरी, झाडं खरी, धुकं खरं, पण कट्टा तो कट्टाच.

माझं मत मी तरीही दार्जिलिंग तीन, झुरिक दोन असं दिलं. तसं मत देणारा मी एकटाच होतो. त्या स्विस मुलीनं शेवटच्या तासात आपलं चार-एक बदलून तीन-दोन केलं, त्यानं निकालात काही फरक पडला नाही. पहाटे साडेपाचला दार्जिलिंग बाहेर. दूध आत घेतलं, तापवलं, ऊतू घालवलं.

कलमावरून भांडण पुढेही झालंच. खुरांच्या प्राण्यांत प्राग आणि न्यूयॉर्कचं ब्राँक्स समोरासमोर आले. प्रझेवाल्स्कीचा रानटी घोडा मंगोलियातून १९६०च्या दशकाअखेर दिसेनासा झाला; उरला तो फक्त झूंमधून. त्याची जागतिक वंशावळ प्राग १९५९पासून सांभाळतं, आणि २०११पासून लष्करी विमानांतून घोडे मंगोलियात नेऊन सोडलेत. रेल्वेवाले काका म्हणाले, हे मोजायचं नाही तर काय मोजायचं? त्यावर ब्राँक्सवाल्यांनी ठेवणीतलं काढलं: मग १९०७ साली आम्ही १५ बायसन आगगाडीत घालून ओक्लाहोमाला पाठवले, तेही मोजा. काका रेल्वेतले. आगगाडी म्हटल्यावर जरा विरघळले. प्राग जिंकलं, पण ते उतारावरच्या घोड्यांच्या कुरणांमुळे, असं सगळ्यांनी कारणात मुद्दाम लिहिलं.

एका सामन्यात मी तोंडावर आपटलो, तेही सांगून टाकतो. मोठी मांजरं हा विषय, एका बाजूला टिअरपार्क बर्लिन. तिथलं आल्फ्रेड ब्रेम हाऊस मी २०१७ला पाहिलेलं, १९६३ची इमारत, आत ओळीनं पिंजरे. मी वहीतून उतरवून सविस्तर झोडपलं. दोन परिच्छेद! खाली एकानं एवढंच लिहिलं, "ते पिंजरे पाडून २०२०मध्ये नवं वर्षावन उघडलंय. तुम्ही कोणत्या साली राहता?" मत बदललं, परिच्छेद खोडले, दोन दिवस गप्प बसलो. आठवणीत झू जशीच्या तशी राहतात, तिथे कुणी पाडापाडी करत नाही.

याच गप्प काळात व्हिएन्नाची चर्चा चालली होती. तिथलं शोनब्रुनचं झू १७५२चं, आज चालू असलेल्यांत जगात सगळ्यात जुनं, त्यामुळे त्यांचे पाठीराखे जरा ताठ असतात. मला राहवलं नाही. म्हटलं, आमच्या पुण्यातही पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता. १७९० साली गंगाराम तांबट नावाच्या पुणेकर चित्रकारानं तिथल्या गेंड्याचं चित्र काढलंय, आज ते येल विद्यापीठाच्या कलासंग्रहात आहे. सामन्याशी याचा काडीचा संबंध नव्हता. पण चित्र पाहून सगळे खूष झाले. एकानं लगेच विचारलं, गेंड्याच्या पायाखाली काय दिसतंय? माती, का फरशी? अशी ही मंडळी.

उपांत्य सामना लाइपझिग आणि झुरिकचा, विषय वर्षावन. याची मी महिनाभर धास्ती घेतली होती.

लाइपझिगचं गोंडवानालँड २०११चं. साडेसोळा हजार चौरस मीटरवर एकच पारदर्शक छप्पर, मधे एकही खांब नाही. बाहेर उणे पाच असताना आत शिरलं की चष्मा पांढरा होतो आणि कोकणात उतरल्यासारखा घाम फुटतो. आधी ज्वालामुखीचा बोगदा, त्यात निशाचर. मग आफ्रिका, आशिया, दक्षिण अमेरिका: बुटके पाणघोडे, मलायाचे टेपीर, मोठी पाणमांजरं, कोमोडो ड्रॅगन, झाडांवरून उड्या मारणारी खारमाकडं. खाली नदीतून होडी फिरते, वर झुलते पूल. मी तिथे किती थंडीचे दिवस काढले ते सांगून खरं वाटणार नाही. याच झूतल्या हाइडी नावाच्या चकण्या ऑपोसमनं, म्हणजे पोटाला पिशवी असलेल्या एका छोट्या प्राण्यानं, २०११च्या ऑस्करचं भाकीत टीव्हीवर केलं होतं आणि तिचे चाहते लाखांनी होते. गोंडवानालँडमध्ये राहायला ती आणली होती. म्हणजे जाहिरात कशी करायची हेही त्यांना ठाऊक आहे.

झुरिकचं मसोआला २००३चं, अकरा हजार चौरस मीटर. तिथे फक्त मादागास्कर. होडी नाही, ज्वालामुखी नाही. आत जवळपास पिंजरेच नाहीत. लाल लेमूर, फळं खाणारी मोठी वटवाघळं, सरडे, पक्षी, सगळे त्याच जंगलात मोकळे आणि तुम्ही त्याच वाटेवर. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पाऊण तासात मला पानं दिसली. पुष्कळ पानं. थंडीत एवढं तिकीट काढून पानं! चिडून बाकावर बसलो. शेजारी शाळेची पोरं होती, त्यातलं एक माझ्या कानापाशी बोट करून काहीतरी ओरडलं. हातभर अंतरावर फांदीवर पँथर कॅमेलिऑन जातीचा सरडा बसलेला, हिरवा, एक डोळा माझ्याकडे आणि एक पोरांकडे. तो आधीपासून तिथेच होता.

भीमाशंकरला शेकरू बघायला जातो तेव्हा असंच होतं. मान दुखेपर्यंत वर बघायचं, काही नाही. मग चहाच्या टपरीमागे फांदी हलते.

वही उघडली. लाइपझिगच्या रकान्यांत भरपूर लिहिता आलं: जाती, मजले, पाणी, सोय. झुरिकच्या रकान्यांत 'लपायला जागा' इथे मी फक्त लिहिलं: सगळीकडे. आणि मग लक्षात आलं, की गोंडवानालँडमध्ये मी कुठल्याही कोपऱ्यात उभा राहिलो तरी प्राणी मला दिसत होता, कारण ते सगळं माझ्यासाठी मांडलेलं होतं, जंगलासकट. मसोआलामध्ये मी त्यांच्यात आलो होतो, आणि त्यांना त्याचं फारसं कौतुक नव्हतं.

झुरिक तीन, लाइपझिग दोन. मत टाकताना बोट थरथरलं म्हटलं तर नाटकी वाटेल, पण मी उठून पाणी पिऊन आलो हे खरं. लाइपझिगमधल्या एका जुन्या सहकाऱ्यालाही मीच या नादाला लावलं होतं. त्याचा निरोप आला: "चार वर्षं आमच्या गणेश मंदिरात फुकट बसलास." फुकट नव्हे, वार्षिक पास होता, असं मी कळवलं. तीन आठवडे तो बोलला नाही. लाइपझिग दोनच गुणांनी हरलं. माझं मत उलटं पडलं असतं तर काय झालं असतं, हे गणित त्यानं मला सोडवून पाठवलं होतं.

अंतिम सामना व्हिएन्ना विरुद्ध झुरिक. दोन महिने जागून, वही भरून, सगळे श्वास रोखून बसलेले, आणि चिठ्ठीत निघाले कीटक आणि कोळी. मी दोन्हीकडे गेलेलो, पण किड्यांपाशी कधी थांबलो नव्हतो. मत दिलं नाही. व्हिएन्ना जिंकलं. काडीकिड्यांच्या जोरावर जगज्जेतं ठरलेलं झू म्हणून ओमाहाच्या बाईंनी एक झक्क चित्र काढून पाठवलं, किड्याच्या डोक्यावर मुकुट.

फेब्रुवारीत एका मंगळवारी सुटी होती. कात्रजला गेलो. बुधवारी बंद असतं, म्हणून मंगळवारी शाळांच्या सहली जरा जास्त. कॅमेरा घेतला होता. आधी सावलीचा फोटो काढला, अकरा वाजता कुठवर येते तो. मग पाण्याच्या टाक्याचा, मग झाडाच्या बुंध्यावरच्या नखांच्या ओरखड्यांचा, मग मागच्या दाराचा, कडीसकट. मोरीची जाळी नीट येईना म्हणून गुडघ्यावर बसलो. मागे पोरांचा गलका चालला होता, वाघ उठला होता बहुतेक.

खाकी कपड्यातला रखवालदार बराच वेळ बघत असावा. जवळ आला, माझ्या कॅमेऱ्याची दिशा पाहिली, मोरी पाहिली, मला पाहिलं.

"साहेब," तो हळू आवाजात म्हणाला, "वाघ तिकडं आहे."